मशीन दोरा खाते

"मी आता डबी उघडते," फोनमधला मिशीवाला म्हणाला.

मावशीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला. "काय म्हणाला हा?"

"थांबा, पुन्हा लावते," असं म्हणत पडदेवालीने फोन मावशीच्या नाकासमोर धरला. ही बाई घरोघरचे पडदे शिवायची, म्हणून पडदेवाली. तिचं मशीन बिघडलं होतं आणि ते रिक्षात घालून ती आत्ताच दुकानात आली होती.

फोनच्या पडद्यावर पन्नाशीचा एक गृहस्थ उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, विंचरलेली भरघोस मिशी, मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या शिलाई मशीनची रांग. दोन्ही हात पसरून तो हसत होता. ओठ एकीकडे हलत होते आणि आवाज दुसरीकडून येत होता, कारण आवाज त्याचा नव्हताच. कोणीतरी टाइप केलेला मजकूर संगणकाने जाड पुरुषी आवाजात वाचून दाखवला होता.

"नमस्ते. तुमचे मशीन दोरा खाते? घाबरू नका, मी सांगते. आधी सुई वर घ्या. मी आता डबी उघडते. डबी म्हणजे खालच्या दोऱ्याचे घर."

पडदेवालीला हसू आवरेना. "एवढी मोठी मिशी, आणि म्हणतोय काय तर सांगते, उघडते! अहो, घरात कोणीतरी ऐकून सांगायचं ना याला!" हसता हसता तिला खोकलाच लागला. "यायच्या आधी फोन करावा म्हणून तुमचा नंबर शोधत होते मी. नेहमीसारखं टाकलं, 'मशीन दोरा खाते'. वर तुम्ही यायला पाहिजे होतात, तर हा निघाला."

मावशी हसली नाही. 'खालच्या दोऱ्याचं घर' हे शब्द तिचे होते. सुई वर घ्या, मग डबी, ही रीतही तिची होती. पण तेवढ्यावर भागलं नाही. मिशीवाला पुढे बोलतच होता.

"माझी धाकटी म्हणायची, मशीनला भूक लागली की ते दोरा खाते. पण खरे सांगू? अशा जुन्या मशीनमध्ये आता काही दम राहिलेला नसतो. जुने द्या, नवे घेऊन जा."

मावशीने तिच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा घातला.

"याची कुठली आली धाकटी?" ती म्हणाली. आवाज एवढा चढला, की शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला.

आता मावशी कोण आणि धाकटी कोण, हे आधी सांगायला पाहिजे. मावशीने बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून काढली. एकशे चाळीस मशीन, तीन मेकॅनिक, त्यात ही एकटी बाई. कुठल्याही रांगेत मशीन अडलं की हाक यायची, "मावशी!" तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि हाक मारणाऱ्या निम्म्या बायका तिच्याहून मोठ्या होत्या. तेच नाव चिकटलं. कारखाना बंद पडला, तेव्हा तिने जिन्याखालची एक खोली घेतली. आत आलेल्या उंच माणसाचं डोकं हमखास आपटायचं, म्हणून तिथे तिने जुन्या गादीचा तुकडा खिळ्यांनी ठोकून ठेवला होता. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, मध्ये मावशी आणि तिची मशीन.

जगाची मावशी असली, तरी रक्ताच्या नात्याने तिला मावशी म्हणणारी एकच होती: तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ही भाची एका विमा कंपनीत नोकरीला होती, वय तेहतीस, जिभेला धार मावशीसारखीच. चार वर्षांपूर्वी तिने मावशीला दुकानाची वेबसाइट काढून दिली.

"लोक काय शब्द टाकून शोधतील, ते आपल्या पानावर पाहिजे," भाचीने समजावलं होतं. "त्याला की-वर्ड म्हणतात. आपण लिहू, 'शिलाई मशीन दुरुस्ती, उत्कृष्ट सेवा'."

"माझ्याकडे आजपर्यंत एक बाई 'उत्कृष्ट सेवा' म्हणत आलेली नाही," मावशी म्हणाली. "दारातून ओरडतच येतात. मशीन दोरा खातंय. टीप उड्या मारतेय. सुई मोडते. मशीन रुसलंय."

आणि तिने फळीवरून वह्या काढल्या. कारखान्यातल्या पहिल्या दिवसापासून मावशीची एक सवय होती. मशीनला काय झालं ते बाई जसं सांगेल, तसंच्या तसं, तिच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. दुरुस्तीचं नंतर. तिचं म्हणणं असं, की बिघाड अर्धा बाईच्या तोंडातूनच कळतो, फक्त तिला मध्ये तोडायचं नाही. अशा सात वह्या होत्या. भाची वाचत गेली आणि थक्क झाली.

"अगं मावशी, हेच तर लोक शोधतात!"

"पण बोलताना 'खातं' म्हणतात हं. लिहिताना शाळा आठवते, मग 'खाते' लिहितात. तू 'खाते'च लिही."

झालं. एकेका तक्रारीचं एकेक पान तयार झालं आणि एकेका पानावर एकेक व्हिडिओ. व्हिडिओत मावशीचे फक्त हात दिसायचे आणि आवाज यायचा. चेहरा दाखवायला ती तयार नव्हती. "बिघाड माझ्या तोंडात नाही, मशीनमध्ये आहे," हे तिचं उत्तर. व्हिडिओ सहा-सहा मिनिटांचे, मध्येच स्क्रू खाली पडलेले, मध्येच शेजारून किल्ल्या घासल्याचा आवाज. कोणी शिकवलं नसताना ती पानं वर चढली. कोणीही 'मशीन दोरा खाते' लिहून शोधलं, की पहिलं नाव मावशीचं यायचं. कुठल्या कुठल्या गावांहून फोन यायला लागले. नुसतं विचारायला, मशीन पाठवायला, कधी फक्त रडायला, कारण शिलाईवर घर चालणाऱ्या बाईचं मशीन बंद पडलं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक असतं.

पहिला व्हिडिओ 'मशीन दोरा खाते'चाच होता. तो धाकटीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या मशीनवर केला होता. धाकटी कॅमेऱ्याच्या मागे बसली होती आणि तिला गप्प राहायला बजावलं होतं. पण ती गप्प राहणाऱ्यांतली नव्हती. मावशीने डबी उघडून दोऱ्याचा एवढा मोठा गुंता बाहेर काढला, तर मागून आवाज आला, "अगं, भूक लागली असेल बिचाऱ्याला!" आणि मग हसू. थांबता थांबत नव्हतं ते हसू. मावशीही व्हिडिओत म्हणते, "माझी धाकटी म्हणते, मशीनला भूक लागली की ते दोरा खातं." भाचीने तो भाग कापायला घेतला आणि तसाच ठेवला.

दीड वर्षापूर्वी धाकटी गेली. आजार कळला आणि पाच आठवड्यांत सगळं संपलं. तिच्या आवाजाचं दुसरं काही कोणाकडे नव्हतं. फोटो ढीगभर होते, पण तिचं हसू होतं ते एवढंच. वेबसाइटच्या पानावर तिचं वाक्य लिहिलेलंही होतं, त्यात भाचीने एकच शब्द बदलला. 'धाकटी म्हणते'चं 'म्हणायची' केलं.

आणि आता तेच वाक्य एक मिशीवाला बोलत होता, जुनं मशीन भंगारात घाला म्हणून सांगण्यासाठी.

"कोणाचं काम आहे हे, मला माहीत आहे," मावशी पडदेवालीला म्हणाली. "पहिलानंबर!"

पहिलानंबर म्हणजे वेबसाइट वर आणून देण्याचा धंदा करणारा एक इसम. सहा महिन्यांपूर्वी दुकानात आला होता, आत शिरताना गादीच्या तुकड्यावर डोकं आपटून. दर वाक्याला "पहिला नंबर, मावशी, कायमचा पहिला नंबर" म्हणायचा, म्हणून तिने त्याचं नावच तसं ठेवलं. त्याने सगळे व्हिडिओ पाहिले आणि मान हलवली. एवढे लांब कोण बघतं? चेहरा पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत पाहिजे, 'मशीन उघडण्याआधी हे बघा, नाहीतर पस्तावाल'. आणि पहिल्या व्हिडिओतलं ते हसणं आधी काढून टाका.

"माणूस पाचव्या सेकंदाला पळतो, मावशी. आलेखात दिसतं आम्हाला."

"माझ्याकडे येणारी बाई पळत नाही," मावशी म्हणाली होती. "तिच्या हातात वीस किलोचं मशीन असतं. तुम्ही पळा."

तो पळाला खरा. पण जाताना तिची सगळी पानं डोळ्यांत साठवून गेला, हे आता कळत होतं. तीन महिन्यांपासून फोन थंडावला होता. मावशीला वाटलं होतं, लोक तयार कपडे घ्यायला लागले असतील. आपलंच वय झालं असेल. एकदा तर तिने दुकान बंद करायचा विचारही बोलून दाखवला होता झेरॉक्सवाल्याजवळ. म्हणे वय झालं! इथे कोणीतरी तिचं तोंड उचलून नेलं होतं.

शनिवारी दुपारी भाची आली. व्हिडिओ पाहिला, एकदाच. "माझी धाकटी" या शब्दांना तिने डोळे मिटले. मग तिने व्हिडिओ कंपनीकडे तक्रार लिहिली, पानाशी पान जोडून, तारखा घालून. उत्तर अर्ध्या तासात आलं आणि ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. चेहरा तुमचा नाही, आवाज तुमचा नाही, दृश्यं तुमची नाहीत, सबब व्हिडिओ तुमचा नाही.

"आता?" मावशीने विचारलं.

"आता आपणही तेच करायचं. छोटे व्हिडिओ, मोठी अक्षरं. रोज एक. महिनाभरात वर येऊ." भाचीचा चेहरा दगडासारखा झाला होता. "नाहीतर फोन गेला असं समजायचं."

"फोन गेला तर गेला. हात आहेत माझे अजून. पण धाकटी त्या माणसाच्या तोंडात राहता कामा नये. उठ."

"कुठे?"

"त्या मिशीवाल्याच्या शोरूमला. विचारून येऊ, याची धाकटी कुठे राहते."

शोरूम मोठ्या रस्त्यावर, काचेच्या दाराचं. आत एवढा गारवा, की मावशीला शाल आणली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. मिशीवाले मालक स्वतः समोर आले. माणूस वाईट नव्हता दिसायला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. पहिलानंबर आतल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. मावशीला बघून त्याने लॅपटॉप थोडा मिटला.

"तुमच्या व्हिडिओत माझी बहीण आहे," मावशी म्हणाली. "ती काढा."

मालकांना काही कळेना. त्यांनी पहिल्यानंबरकडे बघितलं. त्यांनी तो व्हिडिओ धड ऐकलाही नसावा, हे मावशीच्या तेव्हाच लक्षात आलं.

"अहो मावशी," पहिलानंबर हसत पुढे आला, "मशीन, दोरा, भूक. साधे शब्द आहेत. शब्द काय कोणाच्या बापाचे असतात का?"

"बापाचे नाहीत. माझ्या बहिणीचे आहेत."

"बरं, ते राहू दे," मालक घाईघाईने म्हणाले. "तुमचं नाव खूप ऐकलंय. असं करा ना, तुम्ही आमच्याकडेच या. हे काउंटर आहे, गार हवेत बसायचं. लोक जुनी मशीन घेऊन येतात. तुम्ही बघायचं, आणि गेलंय म्हणून सांगायचं. तुम्ही म्हणालात तर लोक मानतील."

"आणि गेलेलं नसलं तर?"

मालक मिशीवरून हात फिरवत हसले.

काउंटरवर एक बाई उभी होती. टोप्या शिवणारी होती, हे तिच्या बोटांतल्या सुईच्या टोचण्यांवरून आणि पिशवीतून डोकावणाऱ्या टोप्यांवरून कळत होतं. तिच्यासमोर तिचं काळं जुनं मशीन होतं आणि विक्रेत्याने त्याला नुकतंच एक कार्ड बांधलं होतं: 'निकामी'. बाई त्या कार्डाकडे बघत होती.

"काय होतंय याला?" मावशीने विचारलं.

"दोरा खातंय हो," बाई म्हणाली.

मावशी उठली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, चिमटा काढला. "मावशी, नको," असं भाची म्हणाली नाही. तिने फोन काढला आणि मावशीच्या हातांवर धरला.

"इथे काही उघडायचं नाही!" पहिलानंबर ओरडला. "मशीन शोरूमच्या ताब्यात आहे."

"या बाईने दिलंय का तुम्हाला?" मावशीने टोपीवालीकडे बघितलं. बाईने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं आणि मशीनवर हात ठेवला. मग मावशी अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता नीट ऐका. मशीन दोरा खाते? मी सांगते. आधी सुई वर घेते. मी डबी उघडते. मी! कानाला बरं लागतंय ना?"

डबी स्वच्छ होती. सुई सरळ होती. मावशीने कापड दाबून धरणारा दाबपाय वर केला आणि वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटा घातला. बाहेर आला करड्या कापसाचा एक बोळा, नखाएवढा. त्या बोळ्यामुळे तबकड्या मिटत नव्हत्या, दोऱ्याला ताण मिळत नव्हता आणि तो सैल होऊन खाली गोळा होत होता. तिने दोरा ओवला, टोप्यांच्या पिशवीतला एक तुकडा घेतला आणि हाताने चाक फिरवलं. टीप सरळ पडली. तिने तुकडा उलटा करून दाखवला. उलट्या बाजूलाही टीप सरळ होती.

"चार मिनिटं," मावशी म्हणाली. 'निकामी' लिहिलेलं कार्ड सोडवून तिने मालकांच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे राहू दे."

टोपीवालीने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने मशीन धरून ठेवलं. भाचीने आणि तिने मिळून ते बाहेर नेलं. दारातून मावशी वळली.

"बहीण काढा. नाहीतर मी रोज येईन. रोज एक उघडेन."

घरी जाताना भाची म्हणाली, "मावशी, नाव काय देऊ व्हिडिओला? की-वर्ड काय?"

"दे काहीही. 'मी सांगते' दे."

पुढच्या दोन दिवसांत जे झालं, ते मावशीने केलं नाही, ते लोकांनी केलं. भाचीचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांनी मिशीवाल्यांचाही शोधून काढला आणि खाली लिहायला सुरुवात केली. ताई, तुमची मिशी छान आहे. ताई, डबी उघडते की उघडतो? पडदेवालीने तर स्वतःच्या नावाने तीन वेळा लिहिलं. शोरूममध्ये काय झालं ते नंतर विक्रेत्याने झेरॉक्सवाल्याला सांगितलं, आणि झेरॉक्सवाल्याने सगळ्या गल्लीला. मालक संतापले. म्हणाले, संध्याकाळपर्यंत सगळीकडचं 'ते' काढून 'तो' झालं पाहिजे. पहिल्यानंबरने तसंच केलं. संगणकात एक सोय असते, हे अक्षर शोध आणि त्या जागी ते घाल. त्याने सगळ्या साइटभर, सगळ्या व्हिडिओंच्या मजकुरात 'ते' शोधलं आणि 'तो' घातलं. ऐकून बघायला कोणाला वेळ होता?

बुधवारी सकाळी झेरॉक्सवाला धावत आला आणि डोकं गादीवर आपटलं तरी थांबला नाही. "मावशी, हे ऐका! आधी ऐका!"

मिशीवाले दोन्ही हात पसरून हसत होते. जाड पुरुषी आवाज म्हणाला, "नमस्तो. तुमचे मशीन दोरा खातो? घाबरू नका, मी सांगतो. मशीनला वेळच्या वेळी तोल घाला."

"काय घाला?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तोल! तेलाचा तोल झाला!"

झेरॉक्सवाला जमिनीवर बसला. किल्लीवाला भिंतीला टेकला. या वेळी मावशीही हसली, इतकी, की चष्मा काढून ठेवावा लागला. पानावरही तोच प्रकार होता. 'ग्राहकांशी आमचे जुने नातो', 'सोपे हप्तो'. आणि 'मशीन दोरा खातो'. आता जगात कोण बाई 'मशीन दोरा खातो' लिहून शोधणार? ज्या शब्दांवर तो वर चढला होता, तेच त्याने स्वतःच्या हाताने पुसले होते. शुक्रवारपर्यंत शोरूम शोधाच्या तिसऱ्या पानावर गेलं. तिथपर्यंत शोधत जाणारं कोणी नसतं.

पण मावशीने पूर्ण ऐकलं होतं. "माझी धाकटी म्हणायची" हे शब्द तसेच होते. त्यांत 'ते' नव्हतं, म्हणून वाचले होते. आठवडाभर वाट बघून शनिवारी ती पिशवी घेऊन निघाली, म्हटल्याप्रमाणे. वाटेतच भाचीचा फोन आला.

"मावशी, परत फिर. काढला."

"बहिणीचं वाक्य?"

"अख्खा व्हिडिओच काढला. गल्लोगल्ली लोक त्यांना 'नमस्तो' म्हणतायत म्हणे."

कोणी माफी मागितली नाही. मागेल असं मावशीला वाटलंही नव्हतं. ती मागे फिरली आणि दुकानात येऊन पडदेवालीचं मशीन पुढ्यात घेतलं.

पहिलानंबर काही कच्चा माणूस नव्हता. पंधरा दिवसांत त्याने चुका सुधारल्या आणि शोरूम पुन्हा वर सरकलं. एक दिवस ते वर, एक दिवस मावशी वर, असं चालू झालं. मावशीने ते बघणं सोडून दिलं. कारण फोन पुन्हा वाजायला लागला होता, आणि फोन करणाऱ्या बायका विचारत होत्या, "तुम्हीच त्या 'मी सांगते' ना?" तेवढेच दोन शब्द टाकून शोधत होत्या त्या. ते शब्द घेण्याची मिशीवाल्यांना आता सोय नव्हती.

एका दुपारी भाची दुकानात बसून आकडे बघत होती. पहिल्या व्हिडिओचा आलेख उघडला होता. कुठल्या सेकंदाला किती माणसं बघत होती, याची रेघ. रेघ डावीकडून उंच सुरू होत होती आणि खाली खाली येत होती.

"पाचव्या सेकंदाला पळतात खरंच," भाची म्हणाली. "त्याचं एवढं बरोबर होतं."

"आणि हे काय आहे?" मावशीने बोट ठेवलं. मधेच एका जागी रेघ पुन्हा वर गेली होती. छोटा उंचवटा होता, पुढे पुन्हा उतार.

भाची आलेखावर वाकली. "तिथे लोक मागे जातात. पुन्हा ऐकतात. आई हसते ना, तिथे."

मावशीने बोट तिथेच ठेवलं होतं.

"खरं सांगू का," भाची म्हणाली, "त्यातली बरीचशी मीच असेन. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकते मी रोज."

"तूच कशी असशील? मीही असते," मावशी म्हणाली. "दुकान उघडलं की आधी."

भाचीने नाक ओढलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळून आकडा वाचला. "पण आपण दोघीच नाही, मावशी. गेल्या महिन्यात चारशे माणसांनी मागे नेऊन ऐकलंय. चारशे."

"कोण गं ही?"

"काय माहीत. मशीनवाल्या असतील."

मावशीने मान हलवली. दीड वर्षात तिच्यासमोर कोणी धाकटीचं नाव काढलं की ती कामाला लागायची. आता ती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, आणि डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

मग फोन वाजला. तिने वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली. पलीकडून एक बाई घाईघाईने बोलायला लागली, कुठल्या गावची कोण जाणे. मावशीने तिला मध्ये तोडलं नाही. सगळं उतरवून घेतलं, तिच्याच शब्दांत.

"झालं तुमचं? बरं," मावशी म्हणाली. "मशीनजवळच बसा. सांगते."